पदक नाही म्हणजे शौर्य नाही का? बंद झालेल्या एका शौर्यपदकाची यादी वाचताना

गेल्या दसऱ्याची गोष्ट. पनवेलला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या काकूंनी पूजा मांडली होती. पाटावर विळी, सुरी, शिवणकामाची कात्री, पुतण्याचा लॅपटॉप, आणि शेजारी लाल फडक्यावर एक काळपट पडलेलं गोल पदक. वर आपट्याची दोन पानं.

"मामंजींचं शौर्यपदक," काकू म्हणाल्या. "जर्मनच्या लढाईतलं. तू पीएचडी करतेस ना, बघ जरा काय लिहिलंय त्याच्यावर. आमच्यात कुणी कधी वाचलंच नाही."

मी हातात घेऊन बघितलं. एका बाजूला मुकुट घातलेला राजा. दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह आणि 1939, 1945 हे आकडे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर आणि नाव. पाच मिनिटं मोबाईलवर शोधलं आणि मोठ्या उत्साहात सांगून टाकलं, "काकू, हे शौर्यपदक नाही. याला वॉर मेडल म्हणतात. त्या युद्धात 28 दिवस नोकरी झालेल्या सगळ्यांनाच मिळायचं."

काकू काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग मामंजी शूर नव्हते का गं?"

मी पाण्याच्या नमुन्यांवर काम करते. गाढी नदीच्या पाण्यात अमुक धातू किती, हे शोधायचं आणि लिहायचं. मोजमापातून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही, हेच मी गेली चार वर्षं शिकते आहे. आणि तरीही पाटासमोर उभं राहून मी जे बोलले, त्यातली माहिती शंभर टक्के बरोबर असूनही त्यातून ऐकणाऱ्याने एक चुकीचा निष्कर्ष काढला. तो काढू दिला मी. म्हणून ही पोस्ट.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल. कधीतरी तुमच्या हातात एखादी तयार यादी पडेल. पुरस्कारांची, रुग्णांची, पावसाची, आत्महत्यांची, कशाचीही. यादी बघितली की वाटतं, डेटा मिळाला, आता फक्त मोजायचं. या मोहावर मला टीका करायची आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेते आहे 1947 साली बंद झालेल्या एका शौर्यपदकाचं: इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट.

पदक काय होतं

ईस्ट इंडिया कंपनीने 1837 मध्ये आपल्या हिंदी शिपायांसाठी दोन सन्मान सुरू केले. एक ऑर्डर ऑफ मेरिट, प्रत्यक्ष रणांगणावरच्या शौर्यासाठी. दुसरा ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया, हिंदी अधिकाऱ्यांच्या दीर्घ आणि एकनिष्ठ सेवेसाठी. पहिल्याच पायरीवर नावं कशी फसवतात बघा. दुसऱ्या सन्मानाबरोबर 'सरदार बहादूर' किंवा 'बहादूर' असा किताब मिळायचा. म्हणजे ज्या सन्मानात 'बहादूर' शब्द होता तो शौर्याचा नव्हता, आणि जो शौर्याचा होता त्याच्या नावात फक्त 'मेरिट', म्हणजे गुणवत्ता. जुन्या कागदात पणजोबांच्या नावापुढे 'बहादूर' दिसलं म्हणून त्यांना शौर्यपदकाच्या तक्त्यात टाकलं, तर चूक पहिल्याच ओळीत झाली.

व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला 1856 मध्ये. म्हणजे ब्रिटिश सैनिकाला सर्वोच्च शौर्यपदक मिळायच्या 19 वर्षं आधी हिंदी शिपायासाठी शौर्यपदक होतं. ते होतं चांदणीच्या आकाराचं, मध्ये निळ्या वर्तुळात आडव्या तलवारी. त्यात तीन वर्ग होते आणि त्याला पैसे जोडलेले होते. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश जादा, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला थेट दुप्पट पगार. शिपायाच्या घरात हा आकडा छोटा नव्हता. आज आपण हे पदक काचेच्या पेटीत बघतो, पण त्या माणसासाठी ती पगारवाढसुद्धा होती. म्हणजे देणाऱ्याच्या बाजूने ते खर्चाचं कलम होतं. किती जणांना द्यायचं हे ठरवताना सरकार फक्त शौर्य बघत असेल आणि तिजोरी बघत नसेल, असं गृहीत धरायला माझं मन तयार नाही.

1902 मध्ये राजा सातव्या एडवर्डने ब्रिटनमध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' नावाचाच नवा सन्मान काढला. घोळ नको म्हणून इथल्या पदकाच्या मागे 'इंडियन' लागलं. 1907 मध्ये त्याच्या खालच्या पायरीवर इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल आलं. 1947 मध्ये स्वातंत्र्याबरोबर दोन्ही बंद झाली.

जिन्याची अट

आता वर्गांकडे नीट बघा. 1837 च्या नियमाप्रमाणे शिपाई थेट पहिल्या वर्गात जात नसे. आधी एक पराक्रम करून तिसरा वर्ग. तो मिळालेला असताना पुन्हा पराक्रम केला तर दुसरा. तिसऱ्यांदा केला तर पहिला.

हा जिना आहे. आणि जिना असला की वरच्या पायरीवर कोण पोचतं? सगळ्यात शूर माणूस? की तीनदा मरणाच्या दारात जाऊन तीनही वेळा परत आलेला, आणि तीनही वेळा कुणा अधिकाऱ्याच्या नजरेस पडलेला माणूस? पहिल्या वर्गाच्या यादीत शौर्य आहेच, पण त्यात नशीब मिसळलं आहे, आपली पलटण किती मोहिमांवर गेली हे मिसळलं आहे, आणि आयुष्याची लांबी मिसळली आहे. पहिल्याच पराक्रमात जो मेला, त्याचा पराक्रम कितीही मोठा असो, जिन्यावर तो पुढे चढूच शकत नव्हता.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सारागढी. 12 सप्टेंबर 1897 रोजी 36व्या शीख पलटणीच्या 21 जणांनी वायव्य सरहद्दीवरची ती चौकी शेवटच्या माणसापर्यंत लढवली. त्या सगळ्यांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ मेरिट, तिसरा वर्ग, देण्यात आला. 2019 मध्ये 'केसरी' चित्रपट आल्यावर या गोष्टीचे मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरले. त्यातलं नेहमीचं वाक्य असं: "हिंदी सैनिकांना तेव्हा मिळू शकणारं सर्वोच्च शौर्यपदक, म्हणजे आजचं परमवीर चक्र." त्यावर कुणीतरी हुशार माणूस उत्तर देतो: "सर्वोच्च कुठलं? तिसरा वर्ग तर होता."

दोघंही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. दोघंही 'तिसरा' हा शब्द शौर्याचं माप म्हणून वाचतात. पहिला म्हणतो ते माप सर्वोच्च होतं, दुसरा म्हणतो सगळ्यात खालचं. प्रत्यक्षात 'तिसरा' म्हणजे आत शिरायचं दार होतं. ज्याने आधी हा सन्मान मिळवलेला नाही, त्याने काहीही केलं तरी सुरुवात तिथूनच. तो आकडा त्या दिवशी सारागढीत काय घडलं याबद्दल काही सांगत नाही. तो नियमाबद्दल सांगतो. संशोधनात आपण असे आकडे रोज बघतो. 'दुसरा टप्पा', 'ब श्रेणी', 'स्तर तीन'. आकडा आहे म्हणून तो गुणवत्तेचा क्रम आहे, असं समजून आपण त्याची सरासरीसुद्धा काढून मोकळे होतो.

पट्टी मध्येच बदलली

डिसेंबर 1911 मध्ये दिल्ली दरबारात जाहीर झालं की व्हिक्टोरिया क्रॉस आता हिंदी सैनिकांनाही मिळू शकेल. पहिल्या महायुद्धात, 31 ऑक्टोबर 1914 रोजी बेल्जियममध्ये केलेल्या पराक्रमासाठी, खुदादाद खान यांना तो मिळाला. दरबारातल्या या निर्णयाचा परिणाम जुन्या पदकावर झाला. वरती व्हिक्टोरिया क्रॉस आला म्हणून ऑर्डर ऑफ मेरिटचा लष्करी पहिला वर्ग रद्द केला. मग उरलेल्या दोन वर्गांना काय म्हणायचं? जुन्या दुसऱ्याला पहिला म्हणायला लागले, जुन्या तिसऱ्याला दुसरा.

इथे थांबा आणि विचार करा. 1900 मधला 'दुसरा वर्ग' आणि 1915 मधला 'दुसरा वर्ग' या एकच गोष्टी नाहीत. 1915 चा दुसरा म्हणजे 1900 चा तिसरा. 1944 मध्ये तर वर्गच गेले, एकच पदक उरलं. आता तुम्ही 1837 ते 1947 असा 110 वर्षांचा तक्ता एक्सेलमध्ये भरला, 'वर्ग' नावाचा कॉलम केला आणि आलेख काढला, तर 1912 च्या आसपास 'दुसऱ्या वर्गाची' रेघ वर उडी मारेल. त्या उडीवर एक छानसा परिच्छेदही लिहून होईल: महायुद्धाच्या काळात हिंदी सैनिकांच्या शौर्याची प्रत वाढली वगैरे. रेफरीला इतिहास माहीत नसेल तर पेपर छापूनही येईल.

आमच्या लॅबमध्ये मध्यंतरी एक जुनं उपकरण गेलं आणि नवीन आलं. मी दोन महिने आनंदात होते, की पावसाळ्यानंतर नदीतलं शिसं कमी झालं. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "पाणी बदललं की मशीन बदललं?" तेव्हापासून कुठल्याही लांब मालिकेकडे बघताना मी आधी विचारते, मोजणारी पट्टी मध्ये कधी बदलली?

आणि हा फक्त साहेबाच्या राज्यातला घोळ नाही. आपल्याकडे 1952 मध्ये अशोक चक्र सुरू झालं ते वर्ग 1, 2, 3 असं. 1967 मध्ये त्यांची नावं बदलून अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र झाली. एखाद्या जुन्या कागदावर 'अशोक चक्र, वर्ग 3' दिसलं तर आजच्या तक्त्यात ते शौर्य चक्राखाली जाईल, अशोक चक्राखाली नाही.

यशवंत घाडगे यांचं प्रशस्तिपत्र

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने खाली गेलं की आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगाव लागतं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले हे 22 वर्षांचे नाईक 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडत नाही, नाव मात्र कासिनोच्या स्मारकावर आहे.

व्हिक्टोरिया क्रॉसची प्रशस्तिपत्रं लंडन गॅझेटमध्ये छापली जात. घाडगे यांचं नोव्हेंबर 1944 च्या अंकात आलं. मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा. सारांश असा: ते एका सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. क्षणभरही न थांबता ते मशीनगनवर धावून गेले, बाँब टाकून तोफ आणि तोफची बंद पाडला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण संशोधक म्हणून आपल्याला दुसऱ्यांदाही वाचावं लागतं. दुसऱ्या वाचनात तीन गोष्टी दिसतात.

पहिली: हे कुणी पाहिलं? सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी आणि खुद्द नायक मेलेला. म्हणजे साक्ष एखाद्या जखमी सोबत्याची असणार, नाहीतर बाजूच्या तुकडीतून बघणाऱ्या कुणाची. याचा अर्थ मजकूर खोटा असा अजिबात नाही. अर्थ एवढाच, की हे पदक होण्यासाठी एका शूर माणसाबरोबर एका जिवंत साक्षीदाराचीही गरज होती. तो जखमी सोबती रात्रीत गेला असता, तर पराक्रम तोच राहिला असता आणि कागदावर फक्त 'युद्धात ठार' एवढंच आलं असतं.

दुसरी: मजकूर इंग्रजीत आहे, अधिकाऱ्यांनी लिहिलेला आहे, आणि त्याचा एक साचा आहे. क्षणभरही न थांबता, जिवाची पर्वा न करता, एकट्याने. इतर प्रशस्तिपत्रं शेजारी ठेवून वाचलीत तर हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतील. जो अधिकारी हा साचा चांगला लिहू शकतो त्याच्या पलटणीला पदकं जास्त मिळण्याची शक्यता किती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. निबंध कोणी लिहिला यावर गुण ठरतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त बोचते ती: 'ठार किंवा जखमी झाले' या चार शब्दांत बाकीचा सेक्शन संपतो. तेही त्याच माऱ्यात, त्याच उतारावर होते. त्यांची नावं मजकुरात नाहीत, असण्याचं कारणही नाही, कारण प्रशस्तिपत्र एका माणसाचं असतं. पण आपण त्यावरून 'त्या दिवशी त्या जागी एक शूर माणूस होता' असं लिहिलं, तर ते प्रशस्तिपत्राचं म्हणणं नाही. ते आपण त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे.

बीडीएल म्हणजे शून्य नव्हे

पाण्याच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा आकड्याच्या जागी बीडीएल असं लिहिलेलं असतं. म्हणजे उपकरण जेवढं बारीक ओळखू शकतं त्या मर्यादेच्या खाली. नवीन विद्यार्थी पहिल्यांदा काय करतो? त्या जागी शून्य भरतो. मीही भरलं होतं. पाण्यात शिसं नाही, असा त्याचा अर्थ नसतो. एवढाच अर्थ असतो, की या उपकरणाला ते दिसलं नाही.

शौर्यपदकांच्या यादीलाही अशी मर्यादा असते, आणि कधीकधी ती चक्क नियमात लिहिलेली असते. मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडल यांसारखी ब्रिटिश शौर्यपदकं 1979 पर्यंत मरणोत्तर दिलीच जात नव्हती. लढता लढता मेलेल्या माणसासाठी ब्रिटिश पदकांत दोनच शक्यता होत्या: अगदी वर व्हिक्टोरिया क्रॉस, किंवा अगदी खाली, खलित्यात नावाचा उल्लेख. मधल्या सगळ्या पायऱ्या फक्त जिवंत राहिलेल्यांसाठी. म्हणजे दोन शिपायांनी सारखंच काम केलं, एक वाचला आणि एक गेला, तर वाचलेल्याच्या छातीवर पदक आणि गेलेल्याच्या नावापुढे एखादी ओळ, असं होऊ शकत होतं. आपण तक्ता वाचून म्हणणार, पहिला जास्त शूर.

मराठा लाईट इन्फन्ट्रीचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतच सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं, आणि मग शत्रूचे मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. ते वाचले, पुढे 1984 पर्यंत जगले. लोकांना भेटले, आपली गोष्ट सांगू शकले. घाडगे यांना ती संधी नव्हती. एकाच यादीतल्या लागोपाठच्या दोन ओळी, पण त्यांच्यामागे असलेल्या पुराव्याची जात वेगळी आहे.

छेद विसरू नका

पदकांची यादी हातात आली की लोक पहिलं काम करतात ते जिल्ह्यावार, जातीवार, प्रांतवार मोजणी. आमच्या जिल्ह्याला इतकी, तुमच्याला तितकी. हा फक्त अंश झाला. छेद कुठे आहे? किती जण भरती झाले होते? त्यातले किती आघाडीवर होते, आणि किती स्वयंपाकघरात, खेचरांमागे, रस्ता बांधण्यावर? दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य सुमारे 25 लाखांपर्यंत गेलं होतं. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला मशीनगनसमोर धावण्याचा प्रसंगच आला नाही.

आणि छेद कधीकधी मुद्दाम शून्याच्या जवळ नेला जातो. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' अशी विभागणी सरकारी धोरणात मुरली आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध 1894 च्या सुमारास अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर आपल्याच जिल्ह्यातल्या महाडजवळचे, स्वतः निवृत्त फौजी. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. महार रेजिमेंट आली ती 1941 मध्ये, बेळगावला.

आता कुणी 1895 ते 1914 मधली पदकांची यादी समोर ठेवून 'या समाजाची नावं का नाहीत' असं विचारलं, तर उत्तर रणांगणावर शोधायचं नाही. ते भरतीच्या कचेरीच्या दाराशी आहे. ज्यांना आत येऊ दिलं नाही त्यांची नावं यादीत नाहीत, आणि मग तीच यादी दाखवून 'बघा, हे लढाऊ नाहीत' असं म्हणायचं. निवडीने तयार झालेला डेटा त्याच निवडीचा पुरावा म्हणून वापरायचा. ही चूक आजही नोकरीच्या, प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या आकडेवारीत जशीच्या तशी भेटते.

मग या याद्या टाकून द्यायच्या का?

नाही. हे लिहिताना मला भीती वाटते ती याचीच, की वाचणारा म्हणेल, सगळंच पक्षपाती आहे तर सोडून द्या. तो आळस झाला. बीडीएल येतं म्हणून कुणी पाणी तपासणं बंद करत नाही.

इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटची यादी शौर्याचं माप म्हणून कच्ची आहे, पण दुसऱ्या एका गोष्टीचा ती पक्का पुरावा आहे: राज्यकर्त्यांनी कुठल्या काळात, कुणाचं, कुठल्या प्रकारचं धाडस बघितलं आणि त्याची किंमत किती ठरवली. एकट्याने मोर्चा घेणं जास्त दिसलं की जखमींना उचलून आणणं? शिपायाचं नाव जास्त आलं की जमादार-सुभेदाराचं? व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाल्यावर आणि पाठोपाठ मिलिटरी क्रॉससारखी इतर पदकंही मिळू लागल्यावर त्याच प्रकारच्या कामाला कुठलं पदक देऊ लागले? हे प्रश्न या यादीला विचारता येतात आणि ती उत्तरं देते. पदक बंद झालं याचा इथे उलट फायदा आहे. 1837 ते 1947, दोन्ही टोकं बांधलेली. उद्या त्यात नवीन नाव येणार नाही.

ज्यांना या विषयात शिरायचं असेल त्यांच्यासाठी चांगली बातमी अशी, की लंडन गॅझेटचे जुने अंक आज घरबसल्या शोधता येतात, आणि दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हिंदी सैनिकांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत फुकट बघता येतात. ही दुसरी यादी पदकांच्या यादीशेजारी ठेवली तरच पहिलीचा आवाका कळतो.

तुमची यादी कुठलीही असो, सिनॉप्सिसमध्ये ती घालण्याआधी एका कागदावर या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. ही यादी कुणी, कशासाठी केली? तिला पैसे किंवा हक्क जोडलेले होते का?
2. यातल्या वर्गांचा, श्रेणींचा, नावांचा अर्थ मध्ये कधी बदलला?
3. यादीत येण्यासाठी मूळ घटनेखेरीज आणखी काय लागत होतं? साक्षीदार, जिवंत राहणं, लिहिणारा?
4. यादीत नसलेले म्हणजे 'नाही' की 'दिसले नाही'?
5. छेद कोणता? आणि छेदात कुणाला येऊच दिलं नव्हतं?

पाचांपैकी दोनांची उत्तरं येत नसतील तर विषय सोडू नका. फक्त त्या दोन प्रश्नांवर आधी महिनाभर काम करा. माझ्या अनुभवात पीएचडीचा खरा विषय बऱ्याचदा तिथेच निघतो.

राहिल्या काकू. मी त्यांच्याकडे पुन्हा गेले तेव्हा पदक बिस्किटांच्या डब्यात परत गेलं होतं. मी म्हटलं, काकू, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. हे पदक एवढंच सांगतं की मामंजी त्या युद्धात फौजेत होते. ते शूर होते की नव्हते, हे सांगायचं काम या पदकाचं नाहीच. आणि कडेवर त्यांचा नंबर आणि नाव आहे ना, ते फार मोलाचं आहे. ब्रिटिश सैनिकांना हेच पदक मिळालं तेव्हा त्यावर नाव कोरलेलं नसायचं, आपल्याकडच्यांच्या पदकावर कोरलं. त्या नंबरावरून पलटण कळू शकेल, आणि पलटण कळली की ती कुठे कुठे लढली ते कळेल.

"म्हणजे शोधायला लागेल," काकू म्हणाल्या.

"हो. वेळ लागेल."

"मग शोध की. तुला काय, तेच काम आहे ना?" असं म्हणून त्यांनी डबा काढला, पदक फडक्याने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. नंबरातला शेवटून दुसरा आकडा झिजला आहे. तीन असेल किंवा आठ. दोन्ही धरून अर्ज करणार आहे.